नर्सिंगच्या मुलीनं होमर कशाला वाचायचा?

(हा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

चार वर्षांच्या नव्या डिग्रीवर आपण बोललो होतो, त्या भागावर बरीच पत्रं आली. बहुतेक अपेक्षित होती: क्रेडिट कसे मोजायचे, चौथं वर्ष करायचं की तिसऱ्यालाच बाहेर पडायचं, वगैरे. एक पत्र मात्र कॅलिफोर्नियातून आलं. लिहिणारे गृहस्थ लॉस एंजेलिसजवळ सेरिटोसला राहतात. कुटुंब मूळचं आपल्या नगरचं, मराठी ख्रिस्ती. मुलीला जवळच ला मिराडा गावी बायोला युनिव्हर्सिटीत नर्सिंगला प्रवेश मिळालाय. आता ती म्हणते, तिथलंच टोरी ऑनर्स कॉलेज आहे, मला नर्सिंगबरोबर तेही करायचंय.

वडिलांचे दोन प्रश्न आहेत. पहिला सरळ: नर्सिंगचा अभ्यास आधीच जड, त्यात होमर, प्लेटो, दान्ते कशासाठी? दुसरा त्यांनी पत्राच्या अगदी शेवटी, जरा संकोचूनच लिहिलाय. आम्ही स्वतः श्रद्धाळू माणसं आहोत, पण सगळी एकाच श्रद्धेची मुलं गोळा करून नीत्शे वाचायचा, तर त्या चर्चेत खरं किती आणि नाटक किती?

दुसरा प्रश्न वाचून मी खुर्चीत सरसावून बसले. आजचा भाग या दोन प्रश्नांवरच.

आधी ‘ऑनर्स’ या शब्दाचा घोळ निस्तरू या, कारण आपल्याकडे आणि तिकडे त्याचा अर्थ वेगळा आहे. आपल्याला पुणे विद्यापीठाच्या जुन्या भाषेतले ‘स्पेशल’ आणि ‘जनरल’ आठवत असतील. ऑनर्स म्हणजे इंग्रजी पद्धतीप्रमाणे एका विषयात खोल शिरणं. अमेरिकेत हा शब्द गेला तेव्हा त्याला दोन फाटे फुटले. एक फाटा स्वार्थमोर कॉलेजचा. क्वेकर पंथाच्या लोकांनी 1864 साली काढलेलं हे कॉलेज. तिथे फ्रँक आयडेलॉट अध्यक्ष झाले. ते ऱ्होड्स स्कॉलर, ऑक्सफर्डला शिकलेले. त्यांनी 1922 मध्ये ऑनर्स सुरू केलं: लहान सेमिनार, आणि शेवटी परीक्षा घ्यायला बाहेरून परीक्षक. म्हणजे शिकवणारा आणि गुण देणारा वेगळा. ही पद्धत तिथे आजही आहे.

दुसरा फाटा न्यूयॉर्कच्या कोलंबियातला. 1920 मध्ये जॉन अर्स्किन यांनी ‘जनरल ऑनर्स’ नावाचा वर्ग काढला. आठवड्याला एक अभिजात ग्रंथ वाचायचा आणि त्यावर बोलायचं. सहकारी प्राध्यापक वैतागले. आयुष्यभर होमरवर काम करणाऱ्या माणसाला कुणी सांगितलं की आम्ही होमर एका आठवड्यात उरकतो, तर तो चिडणारच ना! पण वर्ग चालला. त्याच वर्गातला एक विद्यार्थी मॉर्टिमर ॲडलर पुढे शिकागोला गेला, आणि 1937 मध्ये ॲनापोलिसच्या सेंट जॉन्स कॉलेजनं अख्खी डिग्रीच या पद्धतीवर बांधली. (नावात ‘सेंट’ असलं तरी हे कॉलेज धार्मिक नाही. फसू नका.)

ख्रिस्ती कॉलेजांतले आंतरविद्याशाखीय ऑनर्स प्रोग्रॅम बहुतेक या दुसऱ्या फाट्याची नातवंडं आहेत. इंडियाना राज्यात ल्युथरन परंपरेतल्या वाल्परायझो युनिव्हर्सिटीनं 1967 मध्ये ‘क्राइस्ट कॉलेज’ काढलं. टेक्सासच्या बॅप्टिस्ट बेलर युनिव्हर्सिटीत 1995 मध्ये एक इंटरडिसिप्लिनरी कोअर सुरू झाला. आणि 1996 मध्ये बायोलात टोरी. ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द उच्चारतानाच धाप लागते, त्यामुळे यापुढे मी इंटरडिसिप्लिनरीच म्हणेन. तोही काही फार लहान नाही म्हणा.

आता हे टोरी कोण? रूबेन आर्चर टोरी. येलचे पदवीधर, पुढे जर्मनीत जाऊनही शिकले, आणि मग गावोगाव सभा घेणारे प्रवचनकार झाले. बायोला तेव्हा युनिव्हर्सिटी नव्हती. 1908 मध्ये सुरू झालेली ती लॉस एंजेलिसची बायबल शाळा होती, आणि तिच्या मागे पैसा होता लायमन स्टुअर्ट या तेलवाल्याचा, म्हणजे तेलाच्या विहिरीवाल्याचा. टोरी 1912 पासून तिथे डीन होते. ‘फंडामेंटलिझम’ हा शब्द ज्यावरून आला ती ‘द फंडामेंटल्स’ नावाची पुस्तिकामाला, तिच्या संपादकांतही ते होते. बघा गंमत. ज्या माणसाचं नाव मूलतत्त्ववादाच्या पायाशी कोरलेलं, त्याच्याच नावाच्या कॉलेजात मुलं डार्विन, मार्क्स आणि नीत्शे वाचतात. मला यात विसंगती दिसते, पण ती वाईट वाटत नाही.

आणि या टोरींचा एक धागा थेट आपल्या केडगावपर्यंत येतो, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1902 मध्ये त्यांच्या मेलबर्नला सभा झाल्या, प्रचंड गर्दीच्या. ती बातमी पंडिता रमाबाईंच्या कानावर आली आणि त्यांनी आपली मुलगी मनोरमा हिला ऑस्ट्रेलियाला पाठवलं, तिथे नेमकं काय चाललंय ते बघून यायला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जी जागृती झाली तिच्यामागे हीही एक गोष्ट होती. तेव्हा नगरच्या कुटुंबातली मुलगी टोरींच्या नावाच्या वर्गात बसणार म्हणजे अगदीच परक्या दारात जातेय असं नाही.

बरं, वर्ग चालतो कसा? मोठ्या टेबलाभोवती पंधरा-वीस मुलं, एक शिक्षक. समोर वाचून आणलेलं पुस्तक. शिक्षक व्याख्यान देत नाही. एक प्रश्न टाकतो आणि पुढचे तीन तास त्या प्रश्नाभोवती जातात. तीन तास! आपल्याकडे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या तासाला मुलं घड्याळ बघतात, आणि खरं सांगायचं तर शिक्षकही. यादीत होमर, प्लेटो, ऑगस्टीन, दान्ते, शेक्सपिअर, दोस्तोव्हस्की, आणि त्यांच्या बरोबरीनं बायबलमधली पुस्तकं. मुख्य विषय कुठलाही चालतो: नर्सिंग, सिनेमा, गणित. इतर विद्यार्थ्यांना इतिहास, इंग्रजी, तत्त्वज्ञान असे जे सामान्य शिक्षणाचे सुटे पेपर घ्यावे लागतात, त्यातल्या बहुतेकांच्या जागी हा वर्ग येतो. म्हणजे सेरिटोसच्या काकांनी हे लक्षात घ्यावं: हे वरचं ओझं कमी आणि बदली ओझं जास्त आहे. वाचायचं मात्र खूप असतं, त्यात सूट नाही.

सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षा, तिला ‘डॉन रॅग’ म्हणतात. हा शब्द मूळ ऑक्सफर्डकडचा. सेंट जॉन्समध्ये तर डॉन रॅगला शिक्षक विद्यार्थ्यासमोर बसून, पण त्याच्याशी न बोलता, त्याच्याविषयी आपसात बोलतात. “हा चांगला ऐकतो, पण स्वतःहून बोलत नाही,” असं. तो तिथेच बसलेला! मग शेवटी त्याला बोलायची संधी. आपल्याकडच्या पालकसभेची आठवण झाली की नाही?

पण मला खरं बोलायचंय ते इंटरडिसिप्लिनरी या शब्दाबद्दल. उदाहरण मी माझ्या मनानं घेते. समजा पुस्तक ‘इलियड’, शेवटचं म्हणजे चोविसावं सर्ग. अकिलिसनं हेक्टरला मारलंय आणि त्याचं प्रेत दिवसेंदिवस रथामागे फरपटवलंय. हेक्टरचा म्हातारा बाप प्रियाम रात्री शत्रूच्या छावणीत येतो, मुलाला मारणाऱ्याचे हात चुंबतो आणि प्रेत मागतो. अकिलिस ते देतो. आता शिक्षकाचा प्रश्न: का देतो?

तत्त्वज्ञानाचा मुलगा म्हणेल, शत्रूच्या बापात त्याला स्वतःचा बाप दिसला. धर्मशास्त्राची मुलगी म्हणेल, देवांची आज्ञाच होती. इतिहासवाला खंडणीच्या रीतीबद्दल बोलेल, कारण प्रियाम गाडीभर ऐवज घेऊन आलाय. आणि मग, समजा, नर्सिंगची मुलगी म्हणते: जरा मागची ओळ बघा. अकिलिस दासींना सांगतो की प्रेत धुवा, तेल लावा, आणि हे सगळं बापाच्या नजरेआड करा. कारण मुलाला त्या अवस्थेत पाहून प्रियामचा तोल सुटेल, आणि मग माझाही सुटेल. मृतदेह नातेवाइकांच्या हाती देण्याआधी तो धुणं, नीट करणं, आणि त्यांना कोणत्या क्षणी आत बोलवायचं हे ठरवणं हे नर्सचं रोजचं काम आहे. त्या टेबलावर ही ओळ इतर कुणी थांबून वाचली नसती. आणि त्या मुलीलाही आपण वॉर्डात जे करणार आहोत ते किती जुनं आणि किती गंभीर काम आहे, हे नर्सिंगच्या प्रॅक्टिकलच्या वहीत सापडलं नसतं.

काकांच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हे. याहून मोठं देता येणार नाही.

आता याची आपल्याशी तुलना करा. नव्या धोरणानंतर आपल्या कॉलेजांत मेजर आहे, मायनर आहे, ओपन इलेक्टिव्ह आहे, आयकेएस आहे, शिवाय व्हीएससी, एसईसी, एईसी... मला स्टाफरूममध्ये ही आद्याक्षरं पाठ करायला दोन आठवडे लागले. वनस्पतिशास्त्राची मुलगी आता अर्थशास्त्राचा पेपर घेऊ शकते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती सकाळी वनस्पतिशास्त्राच्या वर्गात बसते, दुपारी अर्थशास्त्राच्या, आणि दोन्ही शिक्षक एकमेकांना फक्त कॅन्टीनमध्ये भेटतात. ताटात दहा पदार्थ वाढले म्हणजे स्वयंपाक झाला असं नाही. मिसळायचं काम सगळं त्या एकोणीस वर्षांच्या मुलीवर सोडलंय. याला मल्टिडिसिप्लिनरी म्हणा. इंटरडिसिप्लिनरी व्हायला एक असा प्रश्न लागतो की जो कुठल्याच एका विषयाला पुरा पेलत नाही. आणि लागतो असा शिक्षक, जो आपल्या विषयाच्या बाहेर, मुलांच्या देखत, अडखळायला तयार आहे. बेलरच्या कोअरमध्ये वेगवेगळ्या विभागांतले शिक्षक मिळून शिकवतात. टोरीत एकच शिक्षक आज होमर आणि उद्या डार्विन घेतो. मला दुसरी पद्धत जास्त धाडसाची वाटते. पहिली आपल्याकडे जमण्यासारखी आहे, वेळापत्रकवाल्यांनी मनावर घेतलं तर.

आमच्या कॉलेजात आम्ही काही जण शनिवारी दुपारी असा एक वर्ग चालवतो. क्रेडिट नाही, हजेरी नाही, चहा आहे. गेल्या सत्रात जोतीराव फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ घेतलं. हे पुस्तक आपण मराठीच्या किंवा समाजशास्त्राच्या खात्यात टाकून मोकळे होतो. पण त्यात काय नाही? कर्ज आहे, सरकारी नोकरशाही आहे, जंगलखात्यानं बंद केलेली गुरचराई आहे, तळी-बंधारे बांधून पाणी मुरवायच्या सूचना आहेत, जनावरांच्या अवलादी सुधारायच्या सूचना आहेत. 1883 सालचं पुस्तक! मी प्रश्न टाकला: फुल्यांच्या मते शेतकऱ्याचं पहिलं नुकसान कुठलं? कॉमर्सचा एक मुलगा सावकारीवर बोलत सुटला. त्याला मध्येच थांबवून भूगोलाची मुलगी म्हणाली, पहिलं नुकसान मातीचं, गाळ वाहून जातो ते बघ. दोघं वीस मिनिटं भांडले. मी गप्प होते. गप्प बसणं हे या पद्धतीतलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, कोणत्याही बी.एड.ला शिकवत नाहीत.

आता दुसरा प्रश्न. त्याला बगल देऊन चालणार नाही.

बायोलात पदवीला येणाऱ्या विद्यार्थ्यानं ख्रिस्ती श्रद्धा सांगावी लागते, आणि शिक्षकांना संस्थेच्या श्रद्धा-निवेदनाशी बांधून घ्यावं लागतं. हे लपवलेलं नाही, उघड आहे. याचा एक फायदा मला प्रामाणिकपणे मान्य करायला हवा. जिथे सगळे एका गोष्टीवर जीव टाकून बसलेले असतात, तिथे पुस्तक जीवावर बेततं. देव मेला असं नीत्शे म्हणतो तेव्हा ज्यांना देवाशी काही देणंघेणं नाही अशा वर्गात मुलं ते नोट्समध्ये उतरवून घेतात. इथे कुणाची तरी झोप उडते. खरी चर्चा व्हायला काहीतरी गमावण्याची शक्यता लागते, आणि ती इथे आहे.

पण मग गमावलं तर? व्हीटन हे इलिनॉयमधलं नावाजलेलं इव्हँजेलिकल कॉलेज. तिथे जोशुआ होक्शील्ड नावाचे तत्त्वज्ञानाचे तरुण प्राध्यापक होते, मध्ययुगीन तत्त्वज्ञान, थॉमस अक्वायनस हा त्यांचा प्रांत. 2004 मध्ये ते कॅथलिक झाले. कॉलेजच्या श्रद्धा-निवेदनावर सही करायला ते तरीही तयार होते. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की बायबल हाच अंतिम अधिकार असं कॅथलिक माणूस मनापासून म्हणू शकत नाही. त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. हा ऑनर्स प्रोग्रॅममधला किस्सा नाही, टोरीतला तर नाहीच. पण प्रश्न तोच आहे. पुस्तक मोकळेपणानं वाचा म्हटलं, आणि वाचता वाचता माणूस खरंच दुसरीकडे पोचला, तर टेबलावरची त्याची खुर्ची राहते का?

इथे कॉलेजची बाजूही समजते मला. सगळ्यांना सगळं चालतं असं म्हणणाऱ्या संस्थेला स्वतःची काही बाजूच उरत नाही. शिवाय, अशी कॉलेजं निदान आपली रेघ कुठे आहे ते छापून देतात. रेघ असते पण छापलेली नसते, अशा संस्था मी जास्त पाहिल्यात, आणि त्यात काम करणाऱ्याला ती पाऊल पडल्यावरच कळते. पण समजून घेणं वेगळं. माझ्या मते ज्या वर्गात एक उत्तर आधीच महाग करून ठेवलंय, तिथला प्रश्न तेवढ्यापुरता कमी खरा होतो. विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकासाठी जास्त, कारण घर त्याचं चालतं त्यावर.

आपल्याकडची ख्रिस्ती कॉलेजं या बाबतीत वेगळी घडली. मुंबईचं विल्सन, ज्याचं मूळ 1832 च्या शाळेत आहे. सेंट झेवियर्स, 1869 चं. नगरचं अहमदनगर कॉलेज, 1947 चं. इथे वर्गात ख्रिस्ती मुलं कायम थोडी, बाकी सगळे इतर. म्हणजे टेबल आपोआपच मिश्र. मिशनऱ्यांना सुरुवातीला ते धर्मप्रसाराचं साधन वाटलं असेल, घडलं भलतंच. पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव 1847 च्या सुमारास थॉमस पेन वाचतात. पेन कोण, तर संघटित ख्रिस्ती धर्मावरही सडकून टीका करणारा माणूस. फुले ख्रिस्ती झाले नाहीत, आहे तिथे राहिले असंही नाही. 1873 मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला. शाळेनं काय पेरलं आणि काय उगवलं! मात्र आपल्या मिश्र टेबलाचा दुसरा दोष आहे: कुणी दुखावू नये म्हणून आपण श्रद्धेचा विषयच टेबलावर घेत नाही. ज्ञानेश्वरी अलंकारांसाठी शिकवतो आणि पुढे जातो. एकत्र बसतो, पण जीवावरचं बोलत नाही. टोरीतली मुलं जीवावरचं बोलतात, पण एकाच घरातली. दोन्ही एकत्र असलेलं टेबल मी अजून पाहिलेलं नाही.

काकांना मी लिहिलं ते थोडक्यात असं. मुलीला घेऊन एकदा वर्ग बघायला जा, तीन तास पूर्ण बसा, मध्येच उठू नका. वर्गात शिक्षक किती बोलतो ते मोजा. चौथ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, तुझं मत इथे कधी बदललं का, आणि बदललं तेव्हा लोक तुझ्याशी कसे वागले. नर्सिंगच्या क्लिनिकलच्या वेळा आणि या वर्गाच्या वेळा आपटतात का, हे आधीच दोन्ही ऑफिसांतून लेखी घ्या. आणि मुलीला विचारा की ‘इलियड’ तिनं उघडलंय का. उघडलं असेल आणि तरीही जायचं म्हणत असेल, तर मी तिला अडवणार नाही.

त्यांचं उत्तर आलं, एका ओळीचं: चोविसावं सर्ग आम्ही दोघं मिळून वाचतोय.

आमच्या शनिवारच्या वर्गात या सत्रात ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ घेतोय. तुमच्या कॉलेजात किंवा गावातल्या वाचनालयात कुणी असं काही चालवत असेल, तर पुस्तक कुठलं घेतलंत आणि पहिला प्रश्न काय टाकलात तेवढं कळवा. पुढच्या भागात त्यातले काही प्रश्न वाचून दाखवीन.